‘सागरा प्राण तळमळला’ : कवितेचा किनारा

सावरकरांची ही कविता आपण गाणं म्हणून ऐकतो. ती १९०९ मध्ये इंग्लंडच्या ब्राइटनला सुचली. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनावरून गाडी धरली की साधारण तासाभरात ब्राइटन. स्टेशनाबाहेर क्वीन्स रोडने उतरत गेलात की समोर समुद्रच. १८८३ ची विजेची किनारा-रेल्वे आणि १८९९ चा पॅलेस पिअर सावरकरांच्या वेळीही होते. पायाखाली मात्र गोटे. आमच्या तुयेजवळच्या मोरजी-मांद्र्याची मऊ रेती तिथं नाही.

कवी सागराला नुसतं न्याहाळत नाही, जाब विचारतो. कारण नेणारा तोच, परत आणणाराही तोच. आज गोव्यातली कितीतरी माणसं इंग्लंडात राबतात. कविता देशभक्तीची खरीच, पण घरच्या ओढीचीही. परीक्षेत दोन्ही लिहा.