ट्रॅक्टर तापला तर?

नांगरताना ट्रॅक्टरचा काटा लाल खुणेवर जातो. आपण घाबरतो. पाणी ओतायला धावतो. पण थांबा! झाकणाला हात लावू नका.

रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं. म्हणून ते १०० अंशांच्या वर तापलं तरी उकळत नाही. झाकण काढलं, की दाब सुटतो. कढत पाणी अंगावर उसळतं. तोंड भाजतं. डोळेही जातात.

आधी नांगर उचलू. ट्रॅक्टर उभा करून इंजिन बंद करू. ते पुरतं निवू देऊ. मग जाड फडक्यानं धरून झाकण हळू फिरवू. कमी असेल तेवढं पाणी भरू.

जाळीत भुसा अडकला का? पंख्याचा पट्टा सैल झाला का? तेही पाहू.

नांगरट उद्या होईल. डोळे पुन्हा मिळत नाहीत.