हृदयाची झडप अरुंद झाली, तर उपचार कोणता?



थोडे काम केले की धाप लागते, रात्री आडवे झाले की खोकला येतो, छातीत धडधडते. तरुण बाईला असे झाले की घरचे म्हणतात, "अंगात रक्त कमी आहे." तेही असेल. पण हृदयाची माइट्रल झडप अरुंद झाली तरी हीच लक्षणे दिसतात. गरोदरपणात हृदयावर ताण वाढतो आणि लपलेला आजार उघडा पडतो.

आजार येतो कुठून?
लहानपणी घसा दुखून ताप येतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे सुजतात. हा सांधेताप. सांधे बरे होतात, झडपेवर मात्र व्रण राहतात आणि तिची पाती हळूहळू चिकटतात. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटीमीटर असते. ते दीड किंवा त्याहून कमी झाले की आजार तीव्र समजतात. घशाचा हा जंतू दाटीच्या घरांत लवकर पसरतो. बेटेगाव-बोईसरच्या एका खोलीत सहा-सात जण झोपतात, तिथे दोष नशिबाचा किंवा बाहेरच्या बाधेचा नसतो.

उपचार कोणते?
टू-डी इको तपासणीत झडप किती अरुंद आहे ते कळते.

१. गोळ्या : लघवीवाटे पाणी काढणाऱ्या आणि ठोके आवरणाऱ्या. त्रास कमी होतो, झडप उघडत नाही. ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ ठेवणारी गोळीही लागते.

२. फुगा : जांघेतील शिरेतून नळी हृदयात नेऊन फुगा फुगवतात, चिकटलेली पाती सुटतात. छाती उघडावी लागत नाही. जपानचे डॉ. इनोऊए यांनी ही पद्धत १९८४ साली जगापुढे मांडली. झडप फार कडक झाली असेल, जास्त गळत असेल किंवा हृदयात गुठळी असेल तर फुगा चालत नाही. म्हणून उशीर नको.

३. शस्त्रक्रिया : झडप दुरुस्त करतात किंवा बदलतात. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर ही रक्ततपासणी करत राहावी लागते. ही गोळी गर्भाला अपाय करू शकते. प्राण्याच्या ऊतीची झडप काही वर्षांनी झिजते, तरुणांत लवकर. मूल हवे असेल तर झडप निवडण्याआधीच डॉक्टरांना सांगा. हा निर्णय सुनेला विचारल्याशिवाय घेऊ नका.

इंजेक्शन चुकवू नका
सांधेताप पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देतात. फुगा किंवा शस्त्रक्रिया झाली तरी ते डॉक्टर सांगेपर्यंत चालूच ठेवायचे. पौर्णिमा ते पौर्णिमा मोजाल तर आठवडाभर उशीर होईल. सोमवारी घेतले तर पुढचे तिसऱ्या सोमवारी.

खर्च
फुगा आणि झडपेची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. दागिने गहाण टाकण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवा. मुंबईत केईएम, नायर, जेजे येथे हृदयविभाग आहेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. अंगणवाडी-शाळेत येणारे त्याचे पथक या आजाराचीही तपासणी करते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. घसा दुखून ताप आला तर डॉक्टरांना दाखवा आणि औषधाचा कोर्स पुरा करा. झडप वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपचार तोच आहे.