दाढीचे तेल आणि आपले रोशा गवत



आरोग्य शिबिरात पूर्वी तरुण मुले ताप, खोकला, खरूज एवढेच विचारायची. आता हळूच जवळ येऊन विचारतात, "ताई, दाढी दाट व्हायला कोणते तेल लावू?" मोबाईलवर जाहिरात येते, बाजारात चिमुकली बाटली मिळते आणि दोन-तीन दिवसांची मजुरी तिच्यात जाते. काहींच्या गालावर त्यातूनच पुरळ उठते, काहींचे गजकर्ण तेलाखाली पसरत राहते. यात लाजण्यासारखे काही नाही, म्हणून या वेळचा पाठ दाढीच्या तेलावर. घरातल्या बहिणींनीही तो वाचावा. बाटली घरात आली की ती लेकरांच्या हातालाही लागते.

सुगंधी तेल म्हणजे काय?

दाढीच्या तेलात दोन वेगळी तेले असतात. एक आपले घाण्याचे तेल: तीळ, खोबरे, करडई. दुसरे सुगंधी तेल, ज्याला बाटलीवर 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात. ते फूल, पान, साल किंवा गवत वाफेवर उकळून काढतात. फरक घरी पाहता येतो. कागदावर तिळाच्या तेलाचा थेंब टाका, डाग राहतो. सुगंधी तेलाचा थेंब टाका, तो बहुतेक उडून जातो.

म्हणजे केसाला मऊपणा देते ते घाण्याचे तेल. सुगंधी तेल वास देते, थोडाफार जंतूंना विरोध करते आणि मात्रा चुकली तर कातडी जाळते. ढीगभर गवतातून थोडेसेच तेल निघते, इतके ते तीव्र असते. 'नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?' असे विचारणाऱ्यांनी बिब्बा आठवावा. बिब्बाही झाडालाच लागतो.

आपल्या डोंगरातले तेल

सुगंधी तेल ही परदेशातून आलेली गोष्ट नाही. तोरणमाळ ज्या अक्राणी तालुक्यात येते, तिथल्या आणि नंदुरबार, शहादा, तळोदा, पिंपळनेर भागातल्या माळांवर रोशा गवत वाढते. कोणी त्याला तिखाडी म्हणतात. पान चुरगळले की गुलाबासारखा वास हाताला राहतो. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या तेलाच्या धंद्याची नोंद आहे. आधी पिंपळनेर आणि मग नंदुरबार हे त्याचे केंद्र होते. पावसाळा सरता सरता भिल्ल बांधव गवत कापून आणत, भट्ट्या लागत आणि तेल कोंडाईबारीच्या घाटाने सुरतेकडे जाई. मुंबईच्या बंदरातून ते तांबड्या समुद्राकडे आणि पुढे तुर्कस्तानात पोहोचे. तिथे महागड्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होत असे. आज हेच तेल 'पामारोझा' या नावाने साबणात, अत्तरात आणि दाढीच्या तेलात येते. गवत कापणाऱ्याच्या नातवाने तेच तेल परदेशी नावाच्या बाटलीत भरमसाट पैसे देऊन घ्यावे, हा उलटा व्यवहार आहे.

या तेलाचा मुख्य घटक जिरॅनिऑल. गुलाबाच्या वासाचे कारण तोच, आणि काही लोकांच्या कातडीला खाज आणणाराही तोच. प्रयोगशाळेत तो काही बुरशींची वाढ रोखतो, पण काचेच्या बशीतली बुरशी आणि माणसाच्या हनुवटीवरचे गजकर्ण यांत फार अंतर आहे. रोशाचे तेल हे औषध समजून लावू नका.

तेलाने दाढी उगवते का?

सरळ उत्तर: नाही. दाढी किती आणि कुठे येणार हे आई-वडिलांकडून आलेली ठेवण, शरीरातली पुरुषी संप्रेरके आणि वय ठरवते. विशी ओलांडल्यावरही अनेकांची दाढी भरत राहते. अठराव्या वर्षी गाल मोकळे दिसले म्हणून त्यात काही उणे नाही, आणि पुरुषपण गालावरच्या केसांनी मोजायचे नसते.

मग जाहिरातीत 'संशोधनाने सिद्ध' कसे लिहितात? ते डोक्यावरचे संशोधन दाढीला चिकटवतात. २०१५ साली इराणमध्ये टक्कल पडत असलेल्या १०० जणांवर रोझमेरी तेलाचा अभ्यास झाला. तो डोक्याच्या केसांवर होता आणि ६ महिने चालला. २००२ साली ऑस्ट्रेलियात १२६ जणांवर ५ टक्के टी ट्री तेलाच्या शाम्पूचा अभ्यास झाला. ४ आठवड्यांत कोंडा ४१ टक्के कमी झाला, तर टी ट्री नसलेल्या शाम्पूने ११ टक्के. हाही डोक्याचा कोंडा, आणि शाम्पू धुऊन टाकला जातो. या दोन्हींतून 'आमच्या तेलाने १५ दिवसांत दाढी' हे निघत नाही. नवे केस उगवण्याचा दावा करून औषध विकायला आपल्या औषध नियमांतील अनुसूची 'जे' मनाई करते. मिनॉक्सिडिल हे तर तेल नव्हे, औषध आहे. मित्राने दिले म्हणून ते लावू नये, डॉक्टरांना विचारावे.

तेलाचा खरा उपयोग एवढाच: केस मऊ राहतात, कोरडी कातडी ओढत नाही, खुंट टोचत नाहीत. तोरणमाळच्या कोरड्या थंडीत हेही कमी नाही.

घरी तेल करण्याची रीत

१. कोरडी, स्वच्छ, गडद रंगाची बाटली घ्या. तिच्यात ३० मिली तिळाचे तेल घाला. खोबरेल चालते, पण थंडीत गोठते.

२. पहिल्या वेळी सुगंधी तेलाचे फक्त ३ थेंब घाला. साधारण २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे हे प्रमाण अर्धा टक्का. सोसले तर पुढच्या वेळी ६ थेंब, म्हणजे १ टक्का. चेहऱ्यासाठी त्यापुढे जाऊ नका.

३. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, दिवसातून २ वेळा, ७ दिवस लावून पाहा. लाली, खाज, फोड आले तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

४. दाढी साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून घ्या. किंचित ओलसर असताना तयार तेलाचे ३-४ थेंब तळहातावर चोळून दाढीला लावा. जास्त तेलाने जास्त फायदा होत नाही, धूळ मात्र जास्त बसते.

ज्यांना सुगंधी तेल परवडत नाही किंवा सोसत नाही, त्यांनी नुसते तिळाचे तेल लावावे. मऊपणाचे काम तेच करते.

हे टाळा

सुगंधी तेल कातडीवर कधीही निव्वळ लावू नका. दालचिनी आणि लवंगेचे तेल चेहऱ्यासाठी नकोच. लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात शेतावर गेल्यास कातडी भाजल्यासारखी काळवंडू शकते. डोळे, ओठ, नाकपुड्या आणि ताजी कापलेली जागा यांपासून तेल दूर ठेवा. टी ट्रीचे जुने, हवा लागलेले तेल जास्त खाज आणते. बाटली घट्ट बंद ठेवा, वास बदलला की टाकून द्या. सुगंधी तेल पेट घेते, म्हणून चुलीजवळ ठेवू नका.

घरात तान्हे बाळ असेल तर पुदिना, निलगिरी, कापूर असलेले तेल दाढीला लावूच नका. बाप बाळाला छातीशी घेतो तेव्हा बाळाचे नाक त्याच्या हनुवटीपाशी असते. अशा उग्र वासाने बाळाचा श्वास अडखळू शकतो. निलगिरीचे तेल किंवा कापूर पोटात गेल्यास लेकराला झटके येऊ शकतात. असे झाले तर उलटी करायला लावू नका, कारण तेल फुफ्फुसात जाते. बाटली बरोबर घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

विकतची बाटली घेताना उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी पाहा. यातले काही नसेल तर बाटली परत ठेवा.

हे तेलाचे काम नाही

*गोल, खाजरा, कडा उठलेला चट्टा* हे गजकर्ण असू शकते. गुरा-वासरांच्या अंगावरूनही ते दाढीत येते. मग पू भरलेल्या गाठी होतात आणि केस ओढला की सहज निघतो. यावर अनेकदा काही आठवडे पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. दुकानदार देतो ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज तात्पुरती थांबवतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. नळीवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे नाव दिसले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

*तेलकट, पिवळसर कोंडा आणि लाली* असेल तर तेल उलट वाढवते, कारण त्यातली बुरशी स्निग्ध पदार्थांवर जगते. इथे तेल बंद करून औषधी शाम्पूबद्दल विचारावे.

*दाढी केल्यावर उठणारे बारीक टणक फोड* बहुधा केस वळून कातडीत शिरल्याने येतात. काही आठवडे वस्तरा थांबवा. नंतर केसांच्या दिशेनेच फिरवा, उलटा नको.

*गुळगुळीत गोल जागा*, म्हणजे चाई. काही चोळून कातडी सोलवटून घेऊ नका. ती अनेकदा आपोआप भरते, पण एकदा दाखवून घ्या.

*फिकट किंवा लालसर चट्टा, जिथे स्पर्श कळत नाही*, तिथे कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. लवकर औषध घेतले तर व्यंग टळते. लपवण्यात नुकसान रुग्णाचेच आहे.

सलूनच्या खुर्चीत

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये साताऱ्यातले दिवस सांगितले आहेत. गावात न्हावी होते, पैसेही होते, पण अस्पृश्यांचे केस कापायला कोणी तयार नसे. घरातल्या मुलांचे केस मोठी बहीण कापत असे. ती खुर्ची आपल्याला सहज मिळालेली नाही. तिच्यावर बसल्यावर संकोच न करता म्हणा, "दादा, नवीन ब्लेड लावा." वापरलेल्या ब्लेडवरच्या न दिसणाऱ्या रक्तातूनही हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात. सगळ्यांच्या गालावरून फिरणारी तुरटीची वडी नको म्हणा. घरातही बाप-लेकांनी, भावा-भावांनी एकच रेझर वापरू नये. लहान बाळांना हिपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात मिळते. मोठ्यांनी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

घरात लावून ठेवण्यासाठी

- दाढी तेलाने उगवत नाही, मऊ होते.
- ३० मिली घाण्याच्या तेलात ३ थेंब. ६ च्या पुढे नाही.
- आधी कोपरावर ७ दिवस, मग चेहऱ्यावर.
- बाळ असलेल्या घरात पुदिना, निलगिरी, कापूर दाढीला नाही.
- चट्टा, पू, बधिरपणा दिसला की तेल बंद आणि दवाखाना.
- प्रत्येकाला नवीन ब्लेड.

रोशाचा वास आपल्या डोंगराचा आहे, तो आवडीने लावा. आजाराला मात्र औषधच लागते, आणि सरकारी दवाखान्यातल्या औषधावर आपला हक्क आहे.