'शिबोलेथ' : एका शब्दाची कुळकथा

इंग्रजी कोश चाळताना काही शब्द असे भेटतात की, त्यांचा अर्थ कळला तरी कूळ कळत नाही. 'शिबोलेथ' हा त्यांपैकीच एक. शब्द मूळचा हिब्रू भाषेतील. त्याचा अर्थ 'धान्याचे कणीस'. 'पाण्याचा प्रवाह' असाही दुसरा अर्थ सांगतात. इतका निरुपद्रवी शब्द इंग्रजीत 'आपपर ओळखण्याची खूण' या अर्थाने कसा रूढ झाला, ते पाहू.

बायबलच्या जुन्या करारातील 'शास्ते' या ग्रंथाच्या १२ व्या अध्यायात ही कथा आहे. गिलाद व एफ्राईम या इस्राएल लोकांतीलच दोन गटांत युद्ध जुंपले. एफ्राईमचा पराभव झाला. त्यांचे पळते लोक यार्देन नदीच्या उताराशी येऊन पाहतात, तो गिलादचे पहारेकरी तेथे आधीच उभे! पण एकाच लोकांतले हे. शत्रू निवडावा कसा? ज्याचा संशय येई त्यास पहारेकरी 'शिबोलेथ' म्हणावयास सांगत. एफ्राईमच्या माणसास 'श' साधत नसे; तो 'सिबोलेथ' म्हणे. तेवढ्यावरून त्याचा वध होई. त्या समयी एफ्राईमचे ४२,००० लोक पडले, असे ग्रंथ सांगतो.

इ. स. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी बायबलमध्ये हा शब्द भाषांतर न करता तसाच ठेवलेला आहे. ते योग्यच, कारण कथेचा प्राण शब्दाच्या अर्थात नसून उच्चारात आहे. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ विस्तारत गेला. माणूस आपला की परका हे ठरविणारा उच्चार, तो शिबोलेथ. एखाद्या गटाची ओळख सांगणारी रीत, तीही शिबोलेथ. आणि एखाद्या पक्षाने वा पंथाने घोकून घोकून निःसत्त्व केलेले वचन, तेही शिबोलेथच.

ही कथा दूर देशीची व पुरातन खरी. पण तिचे बीज आपल्या वर्गातही सापडेल. कोणी 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणाला की, बाकांवर हसू पिकते. आपल्या शाळेत तर अनेक घरांतून अनेक बोली येतात. प्रमाण उच्चार सर्वांनी अवश्य शिकावा. आम्ही त्याचे महत्त्व मुळीच कमी मानीत नाही. परंतु जिभेच्या वळणावरून माणसाची पारख करणे, म्हणजे नदीच्या उतारावर पुन्हा पहारा बसविणेच होय. भाषा ही नदी ओलांडण्यासाठी आहे, अडविण्यासाठी नव्हे, एवढे या एका शब्दापासून आपण शिकलो तरी पुष्कळ झाले.