उतरता हंगाम

अमेरिकेतील बोस्टन शहरात फेनवे पार्क नावाचे जुने क्रीडांगण आहे. त्याच्या डाव्या सीमेवर 37 फूट उंचीची हिरवी भिंत उभी आहे. रेड सॉक्स संघाचा खेळाडू टेड विल्यम्स वर्षानुवर्षे त्या भिंतीपुढे क्षेत्ररक्षण करीत असे. परंतु लोक येत ते त्याची फलंदाजी पाहण्यासाठी.

बेसबॉल हा खेळ क्रिकेटचा दूरचा नातलग म्हणावा लागेल. त्यात चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. सुमारे 60 फुटांवरून त्याने फेकलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत फलंदाजापाशी येऊन पोहोचतो. तो गोल दांड्याने टोलवून सुखरूपपणे पहिला तळ गाठावयाचा असतो. हे काम इतके अवघड आहे, की शंभर संधींपैकी तीस वेळा ज्याला ते साधते, तो उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे नामवंत फलंदाजालाही दहांपैकी सात वेळा अपयश पचवावे लागते.

1941 साली विल्यम्स 23 वर्षांचा होता. हंगामाचा अखेरचा दिवस उजाडला, तेव्हा त्याची सरासरी शेकडा 39.96 होती. तो त्या दिवशी खेळलाच नसता, तर कागदोपत्री ती 40 धरली गेली असती. बाहेर बसण्याची मुभाही त्याला होती. तरीही तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा वेळा यशस्वी झाला आणि त्याने सरासरी 40.6 वर नेली. पुढे दोन युद्धांच्या काळातील लष्करी सेवेत त्याचे जवळजवळ पाच हंगाम गेले. तरीसुद्धा 1957 व 1958 या वर्षी, चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, आपल्या लीगमधील सर्वोच्च सरासरी त्याचीच होती.

मग 1959 साल आले. हंगामापूर्वीच्या सरावात त्याची मान दुखावली. विल्यम्स डावखुरा फलंदाज होता. अशा फलंदाजाचा उजवा खांदा पिचरकडे असतो. त्यामुळे चेंडू दोन्ही डोळ्यांनी नीट न्याहाळण्यासाठी मान पुरती उजवीकडे वळवावी लागते. नेमकी तीच वळेना! ज्या दृष्टीच्या बळावर त्याने नाव मिळविले होते, तिला चेंडू उशिरा दिसू लागला. मे महिन्यात तो मैदानात उतरला खरा, पण फटके साधेनात. जूनमध्ये तर काही सामने त्याला बाहेर बसविण्यात आले. हंगामाअखेर 272 संधींत त्याचे यशस्वी फटके अवघे 69 भरले, सरासरी 25.4! संघाचे मालक टॉम यॉकी यांनी त्याला निवृत्त होण्याचे सुचविले.

विल्यम्स स्वभावाने तापट होता. वृत्तपत्रकारांशी त्याचे नेहमी खटके उडत आणि प्रेक्षकांनी हुर्यो केली की त्याचा तोल जाई. मात्र या वेळी त्याने कोणालाही दोष दिला नाही. या हंगामाने आपली कारकीर्द संपावी, हे त्याला मान्य नव्हते. परंतु अशा खेळाबद्दल पूर्वीइतके वेतन घेणेही त्याला प्रशस्त वाटेना. त्याने आपले वेतन आपणहून कमी करून घेतले. सव्वा लाख डॉलरांच्या जागी सुमारे 90 हजार डॉलर त्याने पत्करले आणि आणखी एक वर्ष खेळण्याचे ठरविले.

1960 च्या हंगामात वॉशिंग्टन येथील पहिल्याच सामन्यात, पहिल्याच संधीला, त्याने चेंडू सीमेपार धाडला. अशा फटक्याला होमरन म्हणतात. 17 जून रोजी त्याने कारकिर्दीतील 500 वा होमरन मारला. वयोमानाने तो रोज खेळू शकत नव्हता. तरी 310 संधींत 98 यशस्वी फटके मारून त्याने 31.6 ही सरासरी गाठली.

28 सप्टेंबर 1960 रोजी फेनवे पार्कवर ढगाळ हवा होती. जेमतेम दहा हजार प्रेक्षक आले होते. पाचव्या डावात विल्यम्सचा एक जोरदार फटका सीमेजवळ झेलला गेला. आठव्या डावात तो अखेरच्या संधीसाठी उभा राहिला आणि या वेळी चेंडू थेट सीमेपार गेला. हा त्याचा 521 वा होमरन. लोक उभे राहून टाळ्या वाजवीत राहिले. तो मान खाली घालून तळांवरून धावत गेला. त्याने टोपी उंचावली नाही की टाळ्या स्वीकारण्यासाठी तो बाहेर आला नाही. त्यानंतर तो कधीही स्पर्धेच्या सामन्यात फलंदाजीस उतरला नाही.

त्याच्या 19 हंगामांपैकी एकाच हंगामात त्याची सरासरी तिसांच्या खाली गेली, तो हंगाम 1959 चा. पुढच्या वर्षीच्या यशाने तो आकडा पुसला गेला नाही; नोंदवहीत तो आजही तसाच आहे. मात्र त्याच्या खालच्या ओळीत 1960 चा आकडा आहे, आणि ती ओळ लिहिली जावी म्हणून विल्यम्सने झीज सोसली होती.

स्वाध्याय

1. मान दुखावल्याने विल्यम्सच्या फलंदाजीत कोणती अडचण निर्माण झाली?
2. 1941 चा अखेरचा दिवस व 1959 नंतरचा निर्णय या दोन प्रसंगांत विल्यम्सच्या स्वभावातील कोणता समान गुण दिसतो?
3. ‘अपयश पचविणे’ व ‘झीज सोसणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.