वाऱ्यानं अडवलं तिथंच गळ टाका

लेक वन, टू, थ्री, फोर, मग हडसन आणि शेवटी इन्सुला. मिनेसोटाच्या उत्तरेला, कॅनडाच्या हद्दीला लागून पसरलेल्या बाउंड्री वॉटर्समधला हा चांगलाच मळलेला कनूमार्ग. इली गावात परमिट आणि भाड्याची केव्हलारची हलकी कनू घ्यायची, लेक वनवरून निघायचं, ३० आणि ४० रॉडचे दोन पोर्टेज पार करायचे. पुढे लेक फोरपर्यंत सलग पाणी. (पोर्टेज म्हणजे दोन तळ्यांमधली पायवाट, कनू खांद्यावर घेऊन चालायची. रॉड म्हणजे साडेसोळा फूट.) लेक वनमध्ये बेटांचा गुंता असा आहे की पहिल्याच तासात भले भले चकतात, तेव्हा नकाशा मांडीवरच ठेवा. बाकी सगळं त्या नकाशात आहे. नाही तो फक्त वारा.

सप्टेंबरात एकटाच निघालो होतो, बेत इन्सुलाचा. मुक्काम पडला लेक थ्रीच्या आग्नेय किनाऱ्यावर आणि तिथंच राहिला. वायव्येचा वारा सकाळी उठला तो दुसऱ्या दिवशीही बसला नाही. तळ्याचा सगळा मोकळा पसारा ओलांडून लाटा थेट माझ्या खडकावर. आडोसाही फारसा नाही, कारण २०११ मध्ये वीज पडून लागलेली पगामी क्रीकची आग याच टापूतून गेली. ९० हजार एकरांहून जास्त जंगल तिनं खाल्लं. आता तिथं जॅक पाइनची दाट, कोवळी झाडी आहे (या पाइनची शंकूफळं आगीच्या धगीनं उघडतात), आणि मधूनमधून जुने जळके वासे उभे आहेत. अशा ठिकाणी तंबूसाठी सपाट जमीन नंतर शोधा, आधी मान वर करून वासे बघा. रात्रीच्या वाऱ्यात तेच पडतात.

आता एकट्यानं वल्हवण्याबद्दल. दोघांच्या कनूत एकटा माणूस मागच्या बाकावर बसला की पुढचं नाक पाण्यातून वर येतं आणि वारा ते हवं तिकडं फिरवतो. त्यापेक्षा पुढच्या बाकावर उलटं तोंड करून बसा, म्हणजे तुमचं वजन मध्याजवळ येतं. कनूचं जड टोक वाऱ्याकडं वळतं, हे एकदा डोक्यात बसलं की सामान कुठं ठेवायचं ते आपोआप कळतं: वारा समोरून असेल तर सॅक मध्याच्या थोडी पुढं, पाठीमागून असेल तर मागं. लाटा वाढल्या तर गुडघ्यांवर या. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नव्हे. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसायला लागला की निघायचं नाही. पाणी थंड, आणि उलटलेली कनू सरळ करायला दुसरं कोणी नाही. मोठं तळं ओलांडायचं ते पहाटे, उजाडता उजाडता. दहाच्या सुमाराला वारा जोर धरतो.

म्हणून एकट्याच्या बेतात एक दिवस रिकामा हवाच. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, की एक दिवस उशीर म्हणजे वारा, त्यानंतर मात्र शेरीफला फोन. मोबाइलला इथं रेंज धरून चालू नका. सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्यानं मिळतं, ते घ्या.

तर अडकलो. पण ज्या बाजूनं अडकलो तीच माशांची निघाली. वारा पृष्ठभागाचं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव एका किनाऱ्याकडं ढकलत नेतो, त्यामागून बारके मासे येतात आणि त्यांच्या मागं वॉलआय. वॉलआयच्या डोळ्यांत मागं परावर्तक थर असतो, त्याला अंधुक उजेडात छान दिसतं. लाटांनी ऊन फुटलं, पाणी ढवळलं की भर दुपारीही तो उथळात शिकार करतो. शांत पाण्यावर संध्याकाळची वाट बघत बसणारे आपण, आणि इथं जेवणाच्या वेळेला काठी वाकत होती. कनू काढायची गरजच नाही. खडकाच्या टोकावर उभं राहून किनाऱ्याला तिरकी फेक करा. एरवीचा साडेतीन ग्रॅमचा जिग (वजन जडवलेला गळ) वाऱ्यात तळ गाठत नाही, सात ग्रॅमचा लावा, तळाला टेकला की हळू उचलत आणा. आमिष जळवांचं. आंबोलीच्या पावसात मीठ लावून उपटलेल्या जळवा इथं डझनाच्या हिशेबानं विकत घ्याव्या लागतात, याचं दुःख मला अजून आहे.

पकडलेला मासा दोरीला ओवून पाण्यात रात्रभर ठेवू नका. कासवं फक्त डोकं शिल्लक ठेवतात. मासेमारीचा परवाना वेगळा काढावा लागतो आणि किती मासे ठेवायचे याची मर्यादा त्या त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघायची.

इतिहास थोडक्यात: भूमी अनिशिनाबे लोकांची, बर्चच्या सालीच्या कनूही त्यांच्याच, त्यांच्याकडून त्या फर-व्यापारातल्या फ्रेंच वल्हेकऱ्यांनी उचलल्या. १९६४ मध्ये हा भाग कायद्यानं राखीव रान झाला, १९७८ मध्ये नियम आणखी कडक झाले. आज सुमारे ११ लाख एकर.

त्या नियमांच्या बाजूनं मी भांडायला तयार आहे. प्रत्येक प्रवेशद्वारातून दिवसाला ठरावीकच परमिटं, एका गटात जास्तीत जास्त नऊ माणसं, पत्र्याच्या डब्यांतलं आणि काचेच्या बाटल्यांतलं खाणंपिणं बंद. शनिवारी रात्री कोकणकड्यावर स्पीकर ऐकलेल्या माणसाला हे वाचूनच बरं वाटेल. इथले लोक जन्मजात स्वच्छ आहेत असं मात्र नाही, चुलीच्या जाळीखाली अर्धवट जळलेली फॉइल मिळतेच. आणि ‘खरे’ ट्रेकर इथंही भेटतात. कनू आणि सॅक एकाच फेरीत नेणारे दोन फेऱ्यावाल्यांकडं दयेनं बघतात. बघू द्या. दोन फेऱ्या म्हणजे तिप्पट चाल, पण घोटा शाबूत राहतो, आणि एकट्याला घोटाच महत्त्वाचा.

खाण्याची पिशवी अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, नाहीतर झाडाला टांगून: जमिनीपासून १२ फूट वर, खोडापासून ६ फूट दूर. भाजणी आणि मेतकूट झिपच्या पिशव्यांत मस्त राहतात. रवा, तिखट, हळद, मीठ घरूनच एकत्र करून न्या. माशाची आतडी, काटे पाण्यात टाकायचे नाहीत. तळ आणि पाणी दोन्हींपासून लांब नेऊन पुरायचे.

गळाला नॉर्दर्न पाइक लागला तर स्थानिक मंडळी काट्यांना कंटाळून सोडून देतात. वायच्या आकाराचे ते काटे खरेच चिवट असतात. पण पाला मासा खाऊन वाढलेल्यांना त्यांची काय भीती? बारीक आडव्या चिरा द्या, रव्यात घोळवा आणि तेल जरा जास्त घ्या.