मीटरचा पुसट आकडा आणि डोळस पारख

कोणतीही गोष्ट केवळ ऐकीव आहे, परंपरेने आली आहे किंवा ग्रंथात लिहिली आहे म्हणून स्वीकारू नका, ती पारखून घ्या, असा उपदेश भगवान बुद्धांनी कालामांना केला. कार्यशाळेत जुने हातमीटर दुरुस्त करताना हा उपदेश आम्हांला वारंवार आठवतो. कारण काचेवर उमटलेला आकडा खराच असतो असे नाही.

मीटरवरील इंग्रजी आठाचा आकडा सात दांड्यांचा असतो. मधली दांडी उमटली नाही, तर आठाचे शून्य होते. शतकस्थानचा आकडाच नाहीसा झाला, तर २३० व्होल्टऐवजी ३० दिसतात आणि तार निर्धोक समजून विद्यार्थी तिला हात लावू शकतो. म्हणून ही दुरुस्ती क्षुल्लक नव्हे.

सर्वच आकडे फिके असतील, तर प्रथम बॅटरी बदलावी. काही दांड्याच गळत असतील, तर दोष बहुधा काचेत नसून झेब्रा पट्टीत असतो. विद्युत्‌वाहक आणि विद्युत्‌रोधक रबराचे एकाआड एक थर असलेली ही पट्टी काच व सर्किट यांना जोडते. धूळ साचली किंवा दाब सैल झाला, की जोड तुटतो.

मीटरच्या तारा मंडलातून काढाव्यात, मीटर बंद करून बॅटरी काढावी, मगच झाकण उघडावे. पट्टीची दिशा लक्षात ठेवावी. काच कडेने धरावी. तिची कड, पट्टी आणि सर्किटवरील संपर्कबिंदू आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसावेत. सारे वाळल्यावर पट्टी सरळ बसवून स्क्रू सारख्या दाबाने आवळावेत.

अकोला-अमरावतीत उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हात राहिलेल्या मीटरची काच काळी पडते. सावलीत ती बहुधा पूर्ववत होते. काच तडकून शाईसारखा डाग पसरला असेल, तर मात्र ती बदलावीच लागते.

दुरुस्तीनंतरही विश्वास आंधळा नसावा. प्रथम चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मीटर तपासावा, मग हवी ती तार, आणि पुन्हा पहिली जागा. तिन्ही वेळा मीटर खरा ठरला, तरच ‘वीज नाही’ असे म्हणावे.

माजी विद्यार्थ्यांनो, घरी असे मीटर पडून असतील तर ते फेकू नका; शाळेला द्या. आपल्या धाकट्या भावंडांचे हात त्यांवरच पारख शिकतील.